जुन्या शक्तिमानच्या मॅनिफोल्डवरचा थंडीचा हीटर काढावा का?

सत्तरीकर

नमस्कार मंडळी. आमच्या वाळपईजवळच्या बागायतीत एक जुना शक्तिमान ट्रक आहे, लष्कराने लिलावात काढलेला. रस्त्यावर जात नाही. सुपारी-नारळ वाहणं, शेणखत आणणं, पावसाळ्यात आडवी झालेली झाडं ओढून बाजूला करणं ही त्याची कामं. चारही चाकांना जोर आहे, त्यामुळे ट्रॅक्टर रुततो तिथूनही हा बाहेर पडतो. वडिलांचा फार जीव आहे त्याच्यावर आणि आता माझाही.

गेला पावसाळा संपल्यापासून सकाळी सेल्फ फार वेळ मारावा लागतो. लागला की पांढऱ्या धुराचा लोट, डोळे चुरचुरतील असा डिझेलचा वास, थोडा वेळ खडखड आणि मग सगळं सुरळीत. दिवसा तासाभराने परत चालू केला तर लगेच लागतो. बॅटऱ्या नव्या आहेत, सेल्फ उघडून साफ केला, डिझेल फिल्टर बदलले.

काल हवेचा रबरी होज काढून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात) हात घातला तर आत ओलं, आणि ते डिझेलच होतं. त्याच जागी वरून एक हीटर बसवलेला आहे. फिल्टरच्या डोक्यावरून त्याला बारीक नळी येते, शिवाय एक जाड वायर. डॅशवर त्याचं बटण आहे, पण ते आमच्याकडे कधी कोणी दाबलेलं नाही. मिस्त्री म्हणतो, नळी पकडीने चेपून टाकू, काम संपलं. मला ते पटत नाही. पूर्ण काढायचा तर कसा काढावा, आणि काढल्याने पुढे काही त्रास होईल का, जाणकारांनी सांगावं.

फोंड्याचा पंपवाला

सत्तरीकर भाऊ, लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अर्धं निदान तुम्हीच केलंय. माझा डिझेल पंप आणि नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा) धंदा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे आहे तो ज्वालेचा हीटर. रॉकेलचा स्टोव्ह पेटवताना आधी बर्नर तापवतात, तसंच त्याचं काम. आत तारेचं वेटोळं असतं आणि एक बारीक व्हॉल्व्ह. बटण दाबलं की वेटोळं लाल होतं, त्या उष्णतेने व्हॉल्व्हची नळी प्रसरण पावते, व्हॉल्व्ह उघडतो आणि डिझेल थेंबाथेंबाने तापलेल्या तारेवर पडून पेटतं. मग सेल्फ मारला की इंजिन त्या ज्वालेवरून गरम झालेली हवा आत ओढतं. बटण सोडलं की नळी थंड होते आणि व्हॉल्व्ह मिटतो.

मिटायला हवा, इथेच गोम आहे. वर्षानुवर्षं न वापरलेल्या हीटरच्या व्हॉल्व्हवर कचरा बसतो, गंज धरतो, मग तो पूर्ण मिटत नाही. इंजिन चालू असताना फिल्टरमध्ये टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा दाब असतो, त्या दाबाने डिझेल मॅनिफोल्डमध्ये झिरपत राहतं. इंजिन बंद केल्यावर उरलेला दाब तिथूनच सुटतो, तेच तुमच्या हाताला लागलं. पुढचा भाग जास्त त्रासाचा: टाकी फिल्टरपेक्षा खाली असते. रात्रभरात लाइनीतलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं आणि त्याच्या जागी हवा आत येते, ती याच गळक्या हीटरमधून. सकाळी पंपाला डिझेलऐवजी हवा मिळते, म्हणून सेल्फ लांबतो. शेवटी लागतो तेव्हा मॅनिफोल्डमध्ये साचलेलं डिझेल एकदम आत जातं, म्हणून धूर आणि खडखड.

गाडी सहज चालू व्हावी म्हणून लावलेला भागच ती अडवतोय. खात्री करायची तर आज रात्री हीटरकडचं टोक सोडा, नळीच्या नटात बेअरिंगचा योग्य मापाचा छर्रा टाकून पक्कं बंद करा आणि उद्या सकाळी बघा. पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागली तर दोष तिथेच.

एक विचारतो. स्टॉप ओढल्यावर इंजिन लगेच मरतं का?

सत्तरीकर

नाही! दोन-चार गचके खाऊन मरतं. मला वाटलं स्टॉपची केबल सैल आहे.

फोंड्याचा पंपवाला

मग हे काम लांबवू नका. मॅनिफोल्डमधून जाणारं डिझेल गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या, ताब्यात नसतं. आज थोडं आहे म्हणून गचके. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा अडकला तर स्टॉप ओढूनही इंजिन पळत राहू शकतं. आणि बंद गाडीत सिलिंडरवर भरपूर डिझेल साचलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. छर्रा आजच टाका.

डिचोलीकर

+१. आणि काढताच आहात तर थर्मोस्टॅटही काढून टाका. आमच्या भागातल्या खनिजाच्या गाड्यांचे बहुतेकांनी काढलेत. गोव्यात थंडी कुठे आहे?

दोडामार्गचा सुभेदार

डिचोलीकर, थर्मोस्टॅटला हात लावू देऊ नका. त्याबद्दल खाली लिहितो, आधी हीटर.

मी ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त. नोकरीतली बरीच वर्षं लडाखच्या बाजूला गेली, त्यामुळे या वस्तूबद्दल मला आदर आहे. तिथे पारा शून्याच्या खाली वीस अंशांवर गेला की इंजिन ऑइल काकवीसारखं होतं. बॅटरी निम्म्या ताकदीवर येते. सेल्फ फिरतो पण रडत फिरतो. पिस्टन इतका सावकाश वर येतो की दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने निसटते आणि उरलेल्या हवेची ऊब थंडगार भिंती पिऊन टाकतात. अशा वेळी मॅनिफोल्डमध्ये पेटलेली ती छोटी ज्वाला म्हणजे गाडी हलणार की उभी राहणार याचा निकाल. लडाखातल्या गाडीचा हीटर कोणी काढला असता तर मी त्याला कामावरून हटवलं असतं.

पण ही गाडी वाळपईची आहे. पणजीला जानेवारीतलं सरासरी किमान तापमान वीस अंशांच्या आसपास असतं. सत्तरीत डोंगराच्या पायथ्याला पहाटे त्याहून गार होतं हे खरं, धुकंही पडतं, तरी सुस्थितीतल्या डिझेल इंजिनाला ही थंडी नव्हेच. तुमच्याकडे हा हीटर निरुपयोगी आहे आणि गळतोय म्हणून घातकही. काढा.

आणखी एक गैरसमज बरेच जण बाळगतात, म्हणून सांगतो. हीटर हवा तापवतो, डिझेल नव्हे. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो, त्यावर हा हीटर काही करू शकत नाही. त्यासाठी डिझेलच वेगळं लागतं. २०१९ साली इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

आता थर्मोस्टॅट. तो थंड प्रदेशासाठी दिलेली सवलत नाही. इंजिनाने लवकर तापावं आणि ठरल्या तापमानाला टिकून राहावं म्हणून तो असतो, मग बाहेर गोवा असो की राजस्थान. तो काढला की इंजिन कायम अर्धवट गार चालतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, ऑइल पातळ होतं, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजतो. वर बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट मिटवतो. तो नसला की ती वाट उघडीच राहते, काही पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि चढावर भरलेली गाडी उलट जास्त तापते. खनिजाच्या गाड्या लायनर लवकर का मागायच्या, याचं एक कारण इथे शोधा.

डिचोलीकर

सुभेदार काका, बायपासचं हे माहीत नव्हतं. आमच्याकडे चोर्ला घाटात एक गाडी कायम तापते आणि तिचा थर्मोस्टॅट नाही. उद्या बघतो.

यंत्रशास्त्र_मडगाव

मी पॉलिटेक्निकला शिकवते. सुभेदार काकांनी जे अनुभवातून सांगितलं ते आकड्यांतही बसतं, म्हणून थोडं गणित मांडते. ज्यांना नको त्यांनी पुढे जावं.

हवा १७ पट दाबली जाते असं धरू. वीस अंशांची हवा सेल्फ जोमात फिरत असताना दाबली, वाटेत थोडी ऊब वाया गेली, तरी शेवटी ती ४०० अंशांच्या वर जाते. डिझेल आपोआप पेटायला साधारण २१० अंश लागतात. म्हणजे भरपूर अंतर राहिलं. आता हवा उणे वीस अंशांची घ्या. सेल्फ जोमात असेल तर अजूनही सव्वातीनशेच्या आसपास पोहोचते. पण सेल्फ रडतोय, हवा निसटतेय, ऊब भिंतीत जातेय, असं धरून गणित केलं की पावणेदोनशेच्या आसपासच अडकते. डिझेल पेटणारच नाही. तोच रडका सेल्फ वाळपईत घेतला तरी २४० च्या आसपास जातो, म्हणजे इथे कुरकुरत का होईना, लागेल.

हे ढोबळ आकडे आहेत, प्रत्येक इंजिनात बदलतील. पण त्यातून एक कळतं. गोव्यात सकाळी गाडी लागत नसेल तर थंडीला दोष देऊच नये. हवा धरतेय, बॅटरी-सेल्फ कमजोर आहे, नोझल खराब आहे किंवा कॉम्प्रेशन (हवेचा दाब धरणं) गेलंय, यांतलंच काहीतरी निघणार.

अजून एक, शक्तिमानच्या निमित्ताने. ही गाडी जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनली. मानकडे मॉयरर या अभियंत्यांनी एक पद्धत बसवली होती: डिझेल हवेत न फवारता पिस्टनच्या गोल खळग्याच्या भिंतीवर पातळ थर देऊन पसरवायचं, तिथून वाफ होऊन ते जळतं. इंजिन शांत चालतं, वेगवेगळी इंधनं पचवतं. पण खळगा गार असला तर वाफ सावकाश होते आणि सुरुवातीला पांढरा धूर जास्त येतो. अमेरिकेच्या लष्कराचा अडीच टनी एम३५ए२ ट्रक याच पद्धतीच्या बहुइंधनी इंजिनावर चालायचा. त्याच्याही मॅनिफोल्डला ज्वालेचा हीटर होता, त्याला स्वतंत्र पंप आणि स्पार्क प्लगसुद्धा. तिकडे उष्ण भागातले हौशी मालक आज तोच काढून टाकतात, कारण नळ्या आणि सांधे वाढले की गळतीच्या जागाही वाढतात.

सत्तरीकर

आज सकाळचा अहवाल. काल रात्री छर्रा टाकून नळी बंद केली, हातपंपाने हवा काढली. सकाळी सेल्फला हात लावला आणि लागली. धूर जरासा. वडील अंगणातून आवाज ऐकून बाहेर आले, त्यांना वाटलं आदल्या रात्रीपासून चालूच आहे.

आता काय करू? हीटर तिथेच ठेवून नुसती नळी बंद केली तर चालेल का? भोक आपोआप बंद राहतं, लेथचं काम वाचतं.

कुडचड्याचा लेथवाला

चालेल म्हणणारे भेटतील, मी नाही म्हणेन. ते वेटोळं किती वर्षं तापून, थरथरून, डिझेलमध्ये भिजून बसलंय कोण जाणे. तुटून पडलं तर थेट मॅनिफोल्डमधून व्हॉल्व्हवर आणि पिस्टनवर. चिमूटभर तारेपायी हेड उतरवावं लागेल. बाहेर काढाच.

भोक बुजवायला बूच लागेल. आटे मेट्रिक आहेत की इंची हे नुसतं बघून ठरवू नका. आपल्या गाड्यांमध्ये वर्कशॉपनी काय काय बदललेलं असतं, त्यामुळे पुस्तकावरही जाऊ नका. काढलेला हीटरच जवळच्या लेथवाल्याकडे न्या, थ्रेड गेज लावून तो त्याच आट्याचं षटकोनी बूच कातून देईल. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असेल तर ॲल्युमिनियमचंच बूच बरं. लोखंडी बसवलंत तर आपल्या दमट हवेत ते जखडतं, पुढे काढताना मॅनिफोल्डचे आटे घेऊन बाहेर येतं. काहीही असो, आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा, खाली तांब्याचा वायसर द्या आणि ॲल्युमिनियमवर जोर करू नका.

जुना हीटर वापरायचाच असेल तर दुसरी युक्ती आहे. आतला भाग पूर्ण काढून कवच ब्रेझिंगने (पितळेचा डाग देऊन) बंद करायचं. आटे आयतेच जुळतात. पण मग मूळ वस्तू गेली.

हे बूच हवाबंद हवं, यात तडजोड नाही. ते एअर फिल्टरच्या पुढे आहे. तिथून आत गेलेल्या धुळीला अडवणारं काही नाही, आणि आपल्याकडची लाल धूळ म्हणजे जांभा आणि लोहखनिजाचं पीठ. उसगाव, सावर्डे भागातली इंजिनं उघडून बघा, लायनरला खरवडल्यासारख्या रेषा दिसतात.

फोंड्याचा पंपवाला

बूच झालं, पण खरी चूक लोक डिझेलच्या बाजूला करतात. त्यावर लिहितोच.

पकडीने चेपलेली नळी दिसायला बंद असते. थरथरीने ती तडकते, मग गरम इंजिनावर डिझेल. रबरी नळी लावून त्यात खिळा किंवा स्क्रू कोंबणं, वर एम-सील थापणं, हेही नको. छर्रा फक्त तपासणीपुरता. नळी मुळापासून, म्हणजे फिल्टरच्या डोक्यापासून काढायची.

तिथे बहुधा बँजो बोल्ट असतो, म्हणजे आतून पोकळ बोल्ट; नळीच्या टोकाचं गोल कडं, म्हणजे बँजो, त्यावर बसतं. एकाच लांब बोल्टवर दोन बँजो बसवलेले असतील, एक पंपाकडे जाणारा आणि एक हीटरचा, तर हीटरचा बँजो काढल्यावर तोच लांब बोल्ट परत लावू नका. तो आत तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण वायसर दाबलेच जात नाहीत. मग एकतर गळती किंवा परत हवा. एका बँजोचा आखूड बोल्ट घ्या. हीटरचा बोल्ट स्वतंत्र असेल तर त्या जागी भरीव बोल्ट.

तांब्याचे वायसर नवे घ्या. मिळाले नाहीत तर जुने चिमट्यात धरून लाल होईस्तोवर तापवा आणि पाण्यात टाका. तांबं मऊ होतं, पृष्ठभाग घासून काळेपणा काढला की परत बसतं. टेफ्लॉन टेप डिझेल लाइनीत कुठेही नको. तिचे तंतू फिल्टरच्या पुढे गेले तर पंपात आणि नोझलमध्ये अडकतात, आणि मग माझ्याकडे यावं लागतं.

नंतर हवा काढणं. फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की कसा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. तरी लागली नाही तर नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, डिझेल उडालं की एकेक कसत जा. त्या वेळी हात धारेपासून दूर ठेवा, नोझलचा दाब कातडीत शिरतो.

दोडामार्गचा सुभेदार

वायरचं कोणी बोललं नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. हीटरची जाड वायर हीटरकडे नुसती टेप गुंडाळून सोडू नका. ती हेडलाइटपेक्षा कितीतरी जास्त करंट वाहते आणि समुद्राकडच्या हवेत टेप फार टिकत नाही. पलीकडचं टोक, रिले किंवा फ्यूजकडचं, तिथून सोडवा आणि वायर ओढून काढा. बटण डॅशवर राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.

इथे वाचणाऱ्या नवख्यांसाठी आणखी एक. ईथरचा स्प्रे मारून गाडी चालू करायची सवय काहींना असते. मॅनिफोल्डला ज्वालेचा हीटर असलेल्या इंजिनात ईथर म्हणजे स्फोट. वेटोळं तापलेलं असताना कोणी फवारला तर मॅनिफोल्ड फुटू शकतो, माणूस भाजतो. गोव्यात ईथरची गरजच नाही.

जुनी_चाकं_म्हापसा

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, मी वेगळ्या बाजूने लिहितो. शक्तिमानचं उत्पादन १९९६ च्या सुमारास थांबलं. चालू अवस्थेतले आता विरळ होत चाललेत, बरेचसे भंगारात वितळले. अशा गाडीवरून काढलेला प्रत्येक भाग कुठेतरी जायला हवा, भंगाराच्या ढिगात नव्हे. कवच ब्रेझ करून हीटर खर्ची घालू नका, अशी माझी कळकळीची विनंती. बूच नवं कातून घ्या आणि हीटर, नळी, लांब बोल्ट, रिले असं सगळं डिझेलने धुवा, ग्रीस लावा, तेलकट कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. डब्यात सिलिका जेल टाका, नाहीतर आपला पावसाळा त्याचं काय करतो ते तुम्हाला माहीत आहेच. कोणत्या गाडीचं, कुठून काढलं, बोल्ट कोणत्या भोकाचा, हे चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. तुमच्या मुलांना कधी ही गाडी मूळ रूपात उभी करावीशी वाटली तर त्यांना शोधत फिरावं लागणार नाही.

सत्तरीकर

काम झालं. क्रमाने सांगतो, पुढे कोणाला उपयोग होईल.

हीटर सहज सुटला नाही. आदल्या दिवशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, मग इंजिन कोमट असताना लांब पान्याने सावकाश फिरवला. बाहेर आला तेव्हा कुडचड्याच्या दादांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं: वेटोळ्याची एक बाजू तुटलेली, दुसऱ्या बाजूला लोंबकळत होती. नळी बंद करून तसाच ठेवला असता तर कधी आत पडलं असतं सांगता येत नाही.

मॅनिफोल्ड बिडाचा निघाला. वाळपईच्या लेथवाल्याने गेज लावून लोखंडी बूच कातलं, खाली तांब्याचा वायसर. फिल्टरवर पंपवाल्या दादांनी सांगितला तसाच दुहेरी बँजो होता. आखूड बोल्ट फोंड्याला मिळाला. मॅनिफोल्डमधलं साचलेलं डिझेल कापडाने पुसून घेतलं. वायर पार रिलेपर्यंत काढली, आतलं तांबं हिरवंगार झालं होतं. रिलेही जागेवर ठेवला नाही.

आता सकाळी बोट लावताच लागते, आणि स्टॉप ओढला की तिथल्या तिथे मरते. केबल ठीकच होती. हीटर आणि त्याचं सामान म्हापशाच्या दादांच्या सांगण्याप्रमाणे चिठ्ठीसकट डब्यात आहे. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात तपासला, उघडतो नीट, परत बसवला.

सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं.

डिचोलीकर

अभिनंदन! आमच्या चोर्ल्याच्या गाडीत नवा थर्मोस्टॅट टाकलाय. घाटात काय होतं ते वेगळ्या धाग्यात लिहितो. सत्तरीकर, बुचाचं माप द्याल का? माझ्या मित्राच्या गाडीवरही असाच हीटर आहे.

कुडचड्याचा लेथवाला

माप घेऊन बूच आधीच कातू नका, भाऊ. मित्राचा हीटर उतरवा आणि तोच लेथवर न्या. आणि उतरवण्याआधी भोवतालची धूळ हवेने उडवून घ्या, नाहीतर हीटर निघताच ती सगळी मॅनिफोल्डमध्ये पडेल.